तीन चोची चिखल

मोठ्या बाभळीच्या राज्यात वारा सगळ्यांना सारखाच लागत असे. खोपे मात्र सारखे नव्हते.

ही बाभूळ तळ्यावर झुकलेली होती. तिच्या फांद्या पाण्यावर लोंबत, त्यामुळे सापाला वर येणं अवघड जाई, आणि विणकर पक्ष्यांची वस्ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या टिकून होती. तळ्याभोवती आणखीही झाडं होती आणि त्यांच्यावरही विणकर राहत. पण मोठ्या बाभळीनं आज जे केलं ते बाकीची झाडं पुढच्या मोसमात करत, आणि ते आपल्यालाच सुचलं असं सांगत.

विणायचं काम नरांचं आणि पारखायचं माद्यांचं. खोपा अर्धा झाला की तो उपड्या टोपीसारखा दिसे, खालून उघडा. त्या वेळी मादी येऊन त्याच्याखाली लटके, आतली प्रत्येक गाठ बघे आणि मग चोचीत पातं धरून तीन हिसके देई. गाठ सरकली तर ती काही न बोलता उडून जाई. नर मग तो खोपा स्वतःच उसवून टाकी. यात कुणी अपमान मानत नसे. ज्यांना वाटत असे ते निदान मनात ठेवत. या रीतीला तीन हिसक्यांचा हक्क म्हणत.

दुसरा नियम चिखलाचा. फार पूर्वी एकदा मोठा वारा सुटला होता. हलके खोपे त्यात गरगर फिरले, उलटे झाले, आणि सगळी अंडी पाण्यात गेली. दुसऱ्या दिवशी तळं कवचांनी पांढरं दिसत होतं. त्यातून वाचलेल्यांनी एकत्र बसून ठरवलं, की खोपा मिटवण्याआधी आत तीन चोची ओला चिखल लावायचा. दोन अंड्यांच्या जागेच्या दोन बाजूंना, एक आत शिरायच्या नळीच्या तोंडाशी. चिखलानं खोप्याला वजन येतं, आणि वजन असलेला खोपा झुलतो पण उलटत नाही. चिखल पूर्वेच्या काठावरचा, सगळ्यांचा. ज्यांना आणणं जमत नाही, म्हणजे म्हातारे, एकटे, पंख दुखावलेले, त्यांच्यासाठी बाकीच्यांनी आणायचा. मादीनं गाठींबरोबर चिखलही बघायचा.

नियम इतका साधा होता, की त्याचं कुणाला कौतुक वाटलं नाही. पुढे कित्येक मोसम एकही खोपा पडला नाही. आणि खोपा पडत नाही म्हटल्यावर चिखल कशासाठी, हे हळूहळू कुणालाच नीट सांगता येईना.

अशा दिवसांत भारद्वाज बाभळीवर येऊ लागला.

त्याचं दर्शन शुभ मानलं जाई. विटकरी पंख, लाल डोळे, छातीतून येणारा घुमणारा आवाज. सकाळी बाहेर पडताना तो दिसला की दिवस चांगला जातो, असं सगळे म्हणत. का जातो, ते कुणी विचारलं नव्हतं. तो काय खातो, हेही नाही.

भारद्वाज फांदीसभेत फार बोलला नाही. तो एवढंच म्हणाला, "तुमच्यासारखे कसबी विणकर, आणि अर्धा मोसम तुमचा चिखल वाहण्यात जातो. बघवत नाही हो." मग थोडं थांबून म्हणाला, "दुसऱ्याच्या खोप्यासाठी तुम्ही का वाहायचा, हेही मला कधी कळलं नाही. पण मी बाहेरचा. तुमच्या रीती तुम्हाला माहीत."

ज्यांनी त्या वर्षी शेजाऱ्यांसाठी तीन-तीन चोची वाहिल्या होत्या, त्यांच्या माना दुखू लागल्या. आधी दुखत नव्हत्या.

पुढच्या मोसमात तीन चोचींच्या दोन झाल्या. मग एक. मग सभेनं ठरवलं, की चिखल ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं लावावा. मर्जी ही विणकराची सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. चिखल कुणाला नकोच असेल तर काठ तरी मोकळा का पडून राहावा, म्हणून पूर्वेचा काठ भारद्वाजाकडे देखभालीला दिला. त्यानं तिथे बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं आणि कुंपणावर एक कोतवाल बसवला. कोतवाल पक्षी मुळात बाभळीचाच. दुभंगलेल्या शेपटीचा, काळा, कावळ्याच्याही अंगावर धावून जाणारा. पूर्वी तो खोप्यांची राखण करी. आता काठाची करू लागला. काम तेच आहे, असं तो म्हणे.

मग तयार खोपे आले.

तळ्याच्या पलीकडे शिंदीची झाडं होती, आणि त्यांच्यावर राहणारे विणकर फार थोड्या दाण्यांत विणत. भारद्वाज त्यांच्याकडून पुरे झालेले, मिटवलेले खोपे घेई, पाणकोंबड्या ते पाण्यावरून ढकलत आणत, आणि बाभळीच्या सगळ्यात जाड फांदीवर भारद्वाजानं बांधलेल्या कोठारात ते रचले जात. कोठारही विणूनच बांधलेलं होतं. शंभर खोपे मावतील एवढा एकच प्रचंड खोपा. मोसमाच्या दाण्यांतला चौथा वाटा दिला की तयार खोपा मिळे. सहाशे फेऱ्या मारून पाती आणण्यापेक्षा हे सोपं होतं. बाभळीवरचे नर रिकामे झाले. सुरुवातीला त्यांना ते आवडलं. मग ते फांदीवर बसून एकमेकांच्या जुन्या खोप्यांच्या आठवणी काढू लागले, आणि मग त्या आठवणींवरून भांडू लागले.

"काळजी करू नका," भारद्वाज म्हणे. "वरच्या फांदीवर पोटभर खाल्लं, की खालच्या फांदीवर आपोआप पडतं."

खाली पडत होतं, हे खरं. काय पडत होतं, ते पिसं साफ करताना कळे.

एक गोष्ट मात्र बदलली नाही. तीन हिसक्यांचा हक्क कायम राहिला. उलट त्याचा आता सोहळा झाला. मोसमाच्या सुरुवातीला हिसक्याचा दिवस जाहीर होई, फांद्यांना शिरीषाची फुलं बांधत, आणि कोठारातून काढलेले खोपे एका रांगेत टांगले जात. माद्या एकेक करून पुढे येत, पसंत पडलेल्या खोप्याला बाहेरून तीन हिसके देत, आणि सभेचा प्रमुख, ज्याला त्याच्या उंच पिवळ्या तुऱ्यामुळे तुरेवाले म्हणत, मोठ्यानं विचारी, "हलला का?"

"नाही हलला."

"तुमचा हक्क तुम्ही बजावलात, बाई."

खोपा हलत नसे, कारण तो फांदीला चार ठिकाणी घट्ट बांधलेला असे. मिटवलेल्या खोप्यात गाठी दिसत नसत. चिखल तर नाहीच. हक्क होता, फक्त तो बजावायची वेळ निघून गेल्यावर मिळत होता.

या राज्यात कुसळ नावाची एक मादी होती. तिचं नाव तिच्या आईनं प्रेमानं ठेवलं होतं, पण ते तिला नको इतकं शोभे. टोचत राहायची सवय तिला होती, आणि बहुतेक वेळा ती स्वतःलाच टोचत असे. त्या मोसमात तिनंही तीन हिसके दिले, हलला नाही म्हणाली, खोपा घेतला आणि तीन अंडी घातली.

तिसरं अंडं घातल्यावर तिला वाटलं, आत काहीतरी कमी आहे. काय ते सुचेना. अंडी मोजली, तीन होती. पुन्हा मोजली. मग तिला वाटलं, आपण अशाच आहोत. सगळं ठीक असलं की आपल्याला भीती वाटते. तरी सकाळी झुळूक आली तेव्हा खोपा नको तितका फिरला. तिन्ही अंडी एका बाजूला गेली आणि परत आली. झुळूक थांबेपर्यंत तिनं पंखांनी ती धरून ठेवली.

"अहो," ती आपल्या नराला म्हणाली. त्याचं नाव पवन्या. "हा खोपा फार फिरतो."

"खोपे फिरतातच, अगं."

"तुम्ही विणायचात ते फिरत होते?"

चार मोसमांत पवन्यानं एकही गाठ मारली नव्हती. कधी कधी तो एखादं पातं चोचीत घेऊन बसे, आणि कुणी बघतंय असं वाटलं की टाकून देई.

कुसळ मग बोरूमावशीकडे गेली. बोरूमावशी त्या झाडावरची सगळ्यात वयस्कर मादी. तिची अर्धी पिसं गळली होती आणि उरलेली अर्धी ती अभिमानानं वागवी. ती म्हणाली, "आत डोकं घालून वास घेऊन बघ. मातीचा वास येतो का?"

"नाही येत."

"मग काय येतो?"

"कशाचाच येत नाही, मावशी."

"चिखल नाही लावलेला." बोरूमावशीनं एक डोळा मिटला. "आम्ही अर्ध्या खोप्याखाली लटकून बघायचो. माझ्या आईनं एकदा एका नराचे सात खोपे नाकारले. सात. आठव्याला त्यानं चार चोची चिखल लावला. तोच माझा बाप."

"पण आता कुणाच्याच खोप्यात नसेल. मग सगळ्यांचेच पडायला हवेत."

"वारा कुठे सुटलाय अजून," बोरूमावशी म्हणाली.

कुसळला त्या दिवसापासून दुसरं काही सुचेना. तीन चोची चिखल. एवढंच तिला हवं होतं, आणि पिल्लं बाहेर येऊन उडू लागेपर्यंत वारा थांबायला हवा होता. पहिली गोष्ट तरी आपल्या हातात आहे, असं समजून ती पूर्वेच्या काठावर गेली.

"परवाना?" कोतवाल म्हणाला.

"तीन चोची हवाय, दादा. माझ्या आईनं याच काठावरून नेला होता."

"आईकडे परवाना होता?"

"तेव्हा कुंपण नव्हतं."

"मग तेव्हा यायचं होतं, बाई." तो वाईट स्वभावाचा नव्हता. त्यानं इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. "हे बघा, चिखलानं खोप्याला ओझं होतं. तयार खोप्याचं काम बिघडतं. आम्हाला तसं सांगितलंय."

"तुमच्या घरट्यात आहे का?"

"आमचं घरटं फांदीच्या बेचक्यात असतं. आम्हाला लागत नाही." एवढं म्हणून त्यानं दुसरीकडे तोंड फिरवलं.

कुसळ परत आली. वाटेत हराळी भेटली. दोघी एकाच मोसमात जन्मलेल्या. हराळी सगळं ऐकून हसली. "तुझं काहीतरी नवीनच असतं बाई. गेल्या वर्षी म्हणालीस पाणी वाढतंय. त्याआधी म्हणालीस तुझ्या पंखाला बाक आलाय."

"पाणी वाढलं होतं."

"बोटभर."

हे खरं होतं. कुसळ ओशाळली. पण दुसऱ्या दिवशी तळ्यातून एक म्हैस वर आली. तिच्या बरगड्यांवर ओल्या चिखलाचा जाड थर होता. कुसळनं फार विचार केला नाही. ती म्हशीच्या पाठीवर उतरली, चोच भरली, खोप्यात येऊन अंड्यांच्या डाव्या बाजूला चिखल लावला. पुन्हा गेली आणि उजव्या बाजूला लावला. तिसऱ्या वेळी म्हैस निघून गेली होती, आणि पुन्हा त्या काठाला ती आली नाही.

दोन चोची. नळीच्या तोंडाची जागा रिकामी राहिली. खोपा आता कमी फिरे, पण झुळूक आली की तोंडाकडून वर उचलला जाई. कुसळ तिथे स्वतः बसून राहू लागली. आपलं वजन साधारण एक चोच चिखलाएवढं असेल, असा तिचा अंदाज होता.

अंडी फुटली. तीन पिल्लं निघाली, तिन्ही मुली. त्यांची नावं वरी, नाचणी आणि राळी. राळी सगळ्यात लहान, आणि घास घ्यायला सगळ्यात पुढे.

त्याच दिवसांत रिकाम्या नरांची कुरकुर फार वाढली. तेव्हा तुरेवाले सभेत उभे राहिले. तुरा ताठ करून ते म्हणाले, की बाभळीचं काम पलीकडच्या शिंदीवाल्यांनी चोरलं आहे. ते बारीक, काळपट, भुकेले. त्यांच्यामुळे आपल्या चोची गंजल्या. हे ऐकून नरांना फार बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी त्यांच्या चोचींबद्दल बोललं होतं. भारद्वाज मागच्या फांदीवर बसून मान हलवत होता, होकारार्थी.

पन्नास नर पाण्यावरून पलीकडे गेले. पवन्याही गेला.

तो संध्याकाळी परत आला तेव्हा त्याच्या चोचीत काही नव्हतं आणि पिसंही विस्कटलेली नव्हती.

"मारामारी झाली?" कुसळनं विचारलं.

"काहींनी केली." तो खोप्याच्या नळीकडे बघत राहिला. "एक जण विणत होता. आम्हाला बघूनही थांबला नाही. चोचीच्या कडेला रक्त सुकलेलं. मी म्हटलं, तू आमचं काम घेतलंस. तो म्हणाला, घ्या परत. आणि चोचीतलं पातं माझ्यापुढे धरलं."

"मग?"

"मला गाठ आठवेना, कुसळ." पवन्या तिच्याजवळ सरकून बसला. मग म्हणाला, "निघताना त्यानं विचारलं, तुमच्याकडे खोप्यात अजून चिखल लावतात का. म्हणाला, आम्हाला लावू देत नाहीत, वजन वाढलं की पाणकोंबड्या ओढत नाहीत. पण मोठ्या बाभळीवर पोचल्यावर तिथल्या माद्या लावून घेत असतील, असं आम्ही एकमेकांना सांगतो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं."

चार दिवसांनी वारा सुटला.

तो पश्चिमेकडून आला आणि उतरलाच नाही. पहिल्या दिवशी टोकाच्या फांद्यांवरचे खोपे फिरू लागले. दुपारी दोन उलटे झाले आणि तळ्यात टप टप असा बारीक आवाज आला. हराळीच्या खोप्यातून चारी अंडी गेली. ती खोप्याच्या तोंडाशी लटकून खाली बघत राहिली. कुसळनं तिला फक्त हाक मारली. आपण आधीच सांगितलं होतं ही गोष्ट अशा वेळी फार घाणेरडी वाटते.

कुसळचा खोपा फिरत होता, पण उलटत नव्हता. दोन चोची चिखल दोन्ही बाजूंनी त्याला धरून होता. तोंडाशी ती स्वतः बसली होती, नखं पात्यांत रुतवून. तिन्ही पिल्लं आत एकमेकांना चिकटून होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाड फांदी करकरली.

भारद्वाजाचं कोठार हलत होतं. न खपलेले खोपे आत गच्च रचलेले, आणि एकातही चिखल नाही. सगळं मिळून ते कुंपणाएवढं रुंद आणि कापसाएवढं हलकं होतं, आणि वाऱ्यानं ते शिडासारखं फुगे. त्याच्या प्रत्येक झोक्याबरोबर बाभळीचं खोड गदगदत होतं.

तुरेवाले फांदीफांदीवरून ओरडत फिरले. "कोठार पडलं तर फांदी मोडेल. फांदी मोडली तर झाड चिरेल. मग कुणाचाच खोपा उरणार नाही. प्रत्येकानं चिखल आणा. पूर्वेचा काठ उघडला आहे. आत्ताच्या आत्ता."

"चिखल?" बोरूमावशी म्हणाली. "चिखलानं ओझं होतं ना?"

"ही वेळ थट्टेची नाही, मावशी."

भारद्वाज स्वतः समोर आला. त्याचा आवाज पूर्वीसारखाच घुमत होता. तो म्हणाला, "हे कोठार माझं आहे असं तुम्हाला वाटतं. पण हाही एक खोपाच आहे. सगळ्या बाभळीचा खोपा. तुमच्या खोप्यांची काळजी घेता, तशी याची घ्या."

सगळे गेले. ज्यांची अंडी पडली होती ते गेले, कारण त्यांना आता दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. ज्यांची वाचली होती ते गेले, कारण फांदी खरंच करकरत होती. काठावर कोतवालानं कुंपण बाजूला ओढलं होतं आणि तो प्रत्येकाला सांगत होता, "चोच पूर्ण भरा. थेट कोठारावर. मध्ये कुठे उतरायचं नाही."

कुसळनं चोच भरली. ओला, काळा, चिकट चिखल; त्याला तिच्या आईच्या खोप्याचा वास होता. हीच तिसरी चोच. कोठाराच्या वाटेवर तिचा स्वतःचा खोपा लागत होता. तो तोंडाकडून वर उचलला जात होता, कारण तोंडाशी बसायला ती तिथे नव्हती. पवन्या आत होता, पण तो पिल्लांना धरून मागच्या बाजूला. तिला वाटलं, उतरावं. क्षणभराचं काम. मग तिला वाटलं, आपण नेहमी आपलंच बघतो. सगळे म्हणतात ते सगळेच कसे चुकतील. फांदी मोडली तर या खोप्याचं तरी काय राहील. मागून कोतवाल उडत येत होता. तो म्हणाला, "पुढे चला, बाई."

ती पुढे गेली. कोठाराच्या भिंतीवर तिनं चिखल दाबून बसवला. चोचीचा ठसा त्यावर उमटला.

ती परत फिरली तेव्हा खोपा एकदाच तोंडाकडून पूर्ण वर गेला आणि खाली आला. पवन्याच्या पंखाखाली वरी होती, नाचणी होती. राळी नेहमीप्रमाणे सगळ्यात पुढे होती.

आवाज फार मोठा झाला नाही.

वारा आणखी एक दिवस होता. कोठार पडलं नाही. शेकडो चोचींचा चिखल त्यावर वाळला आणि ते भिंतीसारखं टणक झालं. मग वारा कितीही असो, ते जागचं हललं नाही. पूर्वेच्या काठाचं कुंपण परत लागलं.

वाऱ्यानंतर तीन दिवस भारद्वाज दिसला नाही. सगळे म्हणाले, त्याला फार वाईट वाटलं असेल. चौथ्या दिवशी तो खालच्या लव्हाळ्यातून वर आला, सावकाश, जडपणानं. त्याची चोच ओली होती आणि तिला एक बारीक पिवळं पीस चिकटलं होतं. सकाळची वेळ होती. बऱ्याच जणांना त्याचं दर्शन झालं.

सभेत तुरेवाल्यांनी दुःख व्यक्त केलं. मग ते म्हणाले, "ज्यांचे खोपे गेले त्यांनी दुसऱ्याला दोष देऊ नये. आपण प्रत्येकीनं आपल्या चोचीनं तीन हिसके देऊनच तो खोपा घेतला होता. कुणी जबरदस्ती केली नव्हती. हलला नाही, असं आपणच म्हणालात."

टोचायची कुसळची सवय त्या मोसमात गेली असं सगळ्यांना वाटलं. हराळी रोज तिच्याजवळ येऊन बसे. पवन्या मात्र पाती आणू लागला. कुणी बघतंय की नाही याची पर्वा न करता तो फांदीवर बसून गाठ मारे, आणि ती सरके. बोरूमावशी समोर बसून सांगे, "उलटी. उलटी घाल. आम्ही बघितल्यात ना हजारो." विणणं तिनं जन्मात केलं नव्हतं. पण चुकलेली गाठ कशी दिसते ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

मोसम फिरला. हिसक्याचा दिवस आला. शिरीषाची फुलं बांधली गेली. कोठारातून खोपे काढून रांगेत टांगले. तेच, हलके, मिटवलेले, कशाचाच वास नसलेले. या वर्षी वाटा चौथ्याऐवजी तिसरा होता, कारण वाऱ्यात कोठाराचं फार नुकसान झालं, असं सांगण्यात आलं. वरी आणि नाचणी आता वयात आल्या होत्या. त्यांचा हा पहिला हिसका होता.

"आई," वरीनं रांगेत उभ्या उभ्या विचारलं, "तू आणलेला चिखल यातल्या कुठल्या खोप्यात आहे?"

"यातल्या कुठल्याच नाही."

"मग कुठे आहे?"

कुसळनं मान वळवून कोठाराकडे बघितलं.

"पुढे या, बाई," तुरेवाले म्हणाले. "आपला हक्क बजावा."

कुसळ रांगेतून पुढे आली. टांगलेल्या खोप्यांवरून ती उडत गेली. पहिला, दुसरा, शेवटचा. ती थांबली नाही. जाड फांदीवर, कोठाराच्या भिंतीला ती जाऊन लटकली, उलटी, अर्ध्या खोप्याखाली लटकावं तशी. तिथे एका वाळलेल्या ढेकळावर तिच्या चोचीचा ठसा होता. तिनं आपली चोच त्यात घातली. ती नेमकी बसली.

"अहो बाई, ते कोठार आहे," तुरेवाले म्हणाले.

"हाही खोपाच आहे," बोरूमावशी मागून म्हणाली. "भारद्वाजरावच म्हणाले होते. मी तिथेच होते, कोतवालही होता. काय रे?"

कोतवाल आपल्या जागेवरून उठला नाही.

कुसळनं पहिला हिसका दिला. दुसरा दिला. तिसऱ्याला ढेकूळ निघालं आणि तळ्यात पडलं.

"हलला का?" तुरेवाल्यांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

कुसळ बाजूला सरकली, कारण मागे हराळी येऊन थांबली होती, आणि हराळीच्या मागे वरी, नाचणी, आणि फांदीच्या टोकापर्यंत माद्यांची रांग. प्रत्येकीला तीन हिसके होते. हराळी भिंतीवर आपला ठसा शोधू लागली.

आत भारद्वाज दुपारची झोप घेत होता. बाहेर वारा असा नव्हताच. पान हलेल एवढीच झुळूक आली. ती कोठाराला लागली, कोठार किंचित हललं, आणि भारद्वाजानं डोळे उघडले.